बेलिझ २००१: रेझिस्टंट कोळंबी का मेली? ताउरा विषाणूची एक केस

वेनामी कोळंबीचं सीड, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, घेताना दोन शब्द हमखास कानावर पडतात, एक एसपीएफ (ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त) आणि दुसरा रेझिस्टंट (रोगाला प्रतिकार करणारी). मागच्या सीझनला रायगडमधल्या एका पॉंडवाल्याने मला सरळ विचारलं, "सर, रेझिस्टंट म्हणजे रोग लागणारच नाही ना?" आणि मला त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही अर्धवट. त्या वेळी मी त्याला बेलिझची गोष्ट फोनवर थोडक्यात सांगितली होती, ती आता सविस्तर लिहितोय, कारण कोळंबीच्या विषाणूंमधली जनुकीय विविधता हा विषय आपल्याकडे पुस्तकातला समजला जातो आणि खरं तर तो थेट तळ्यातला आहे.

बेलिझ हा मध्य अमेरिकेतला, कॅरिबियन समुद्राकाठचा अगदी छोटा देश. तिथले कोळंबी फार्म पॅसिफिक व्हाइट म्हणजे आपली वेनामीच वाढवायचे, आणि २००१ साली तळ्यांमध्ये जी पैदास होती ती ताउरा सिंड्रोम या कोळंबीच्या रोगाला प्रतिकार करणारी म्हणून निवडून तयार केलेली होती. तरी मरतूक सुरू झाली. लक्षणंही ताउराचीच, म्हणजे शेपटीचा पंखा लालसर, अंग फिकट गुलाबी, कवच मऊ, पोट रिकामं आणि कात टाकताना मरणं. मायक्रोस्कोपखाली कातडीच्या पेशींमध्ये मिरपूड भुरभुरल्यासारखे गडद ठिपके दिसले, आणि हे चित्र ताउराचं इतकं खास आहे की ज्याने एकदा बघितलंय तो दुसऱ्यांदा चुकत नाही. पण त्या काळात ताउरा ओळखायला जी अँटिबॉडी टेस्ट होती तिचं उत्तर आलं निगेटिव्ह.

आता यात अडचण दुहेरी आहे ते बघा. ज्या कोळंबीला हा रोग पेलायला हवा होता ती मेली, आणि जी टेस्ट हा रोग पकडायला बनवली होती तिला तो दिसलाच नाही. दोन्हीचं मूळ एकच निघालं, पण ते कळायला दहा वर्षं मागे, इक्वेडोरला जावं लागतं.

१९९२ च्या जूनच्या सुमारास इक्वेडोरच्या ग्वायास प्रांतात, ताउरा नदीच्या मुखाजवळच्या फार्मवर छोटी कोळंबी पटापट मरायला लागली. सीड सोडल्यावर साधारण १४ ते ४० दिवसांत तळ्यातली ४० टक्क्यांपासून ९० टक्क्यांच्याही वर कोळंबी संपायची. नदीवरून रोगाला नाव पडलं ताउरा सिंड्रोम. त्या भागात केळीच्या प्रचंड बागा आहेत आणि तेव्हा तिथे काळा सिगाटोका, म्हणजे आपल्या जळगावकडे ज्याला करपा म्हणतात त्याच घराण्यातला रोग, जोरात होता, त्याच्यावर प्रोपिकोनॅझोल आणि ट्रायडेमॉर्फ अशी बुरशीनाशकं फवारली जात होती. मग सगळ्यांचा संशय त्या औषधांवर गेला, की बागेतलं पाणी नदीत उतरलं, नदीचं पाणी तळ्यात आलं आणि कोळंबीला विष चढलं. संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता, बाग आणि तळी एकमेकांना लागून होती आणि टायमिंगही जुळत होतं. कोळंबीवाले आणि केळीवाले यांच्यातला हा वाद पुढची काही वर्षं चालला.

ही वर्षं वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे. कारण तोवर सीड आणि ब्रूडस्टॉक (पैदाशीसाठीची आईबाप कोळंबी) देशोदेशी फिरतच होतं, विषारी पाण्याला सीमा असते पण सीडच्या पिशवीला नसते. पेरू, कोलंबिया, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिको असा रोग पसरत गेला, १९९४ मध्ये हवाईत पोचला आणि १९९५ मध्ये टेक्सासमध्ये. हवाईच्या आजारी कोळंबीपासून अ‍ॅरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या प्रयोगशाळेने विषाणू वेगळा काढला, तो निरोगी कोळंबीला देऊन तोच रोग पुन्हा करून दाखवला, तिच्यातून विषाणू पुन्हा काढला, आणि १९९५ साली हे सगळं प्रसिद्ध झाल्यावर रोगाचं कारण विषाणूच आहे हे पक्कं झालं. तोपर्यंत अमेरिका खंडातल्या कोळंबी धंद्याचं नुकसान मोजायला बसलं तर आकडा शंभर कोटी डॉलरच्या वर जातो.

विषाणू दिसायला अगदी साधा. ३२ नॅनोमीटरचा गोळा, आत एकेरी आरएनएचा धागा, लांबी १०,२०५ जनुकीय अक्षरं. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू डीएनएवाला आहे आणि त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, सुमारे ३ लाख अक्षरांचा. आता ताउरासारखा आरएनए विषाणू जेव्हा स्वतःची नक्कल करतो तेव्हा झालेल्या चुका परत तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. एखादा माणूस हाताने पोथी उतरवतोय आणि पुन्हा वाचून बघतच नाही, त्याची पोथी दुसरा उतरवतोय, त्याची तिसरा, असं. २००९ मध्ये वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या सालांतले नमुने जुळवून या विषाणूच्या कवचाच्या एका जनुकातल्या बदलाचा वेग काढला गेला तेव्हा तो दर हजार अक्षरांमागे वर्षाला दोन-अडीच अक्षरं असा आला. पूर्ण धाग्यावर तोच वेग धरला तर वर्षाला वीस-पंचवीस अक्षरं बदलणार. त्याच हिशेबाने उलटं मोजत गेलं तर सगळ्या नमुन्यांचा मूळपुरुष १९९१ च्या आसपास येतो, म्हणजे ताउरा नदीवर मरतूक दिसायच्या जेमतेम वर्षभर आधी. रोगाचा इतिहास आरएनएमध्येच लिहिलेला होता आणि तो फार्मवाल्यांच्या आठवणीशी जुळला, मला ही गोष्ट फार भारी वाटते.

बरं, यातले बहुतेक बदल निरुपयोगी असतात, काही विषाणूलाच मारक. पण काही बदल बाहेरच्या कवचावर होतात. ताउराच्या कवचात तीन मोठी प्रथिनं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं, ज्याला सीपी२ किंवा व्हीपी१ म्हणतात, त्यात फरक जास्त सापडतात. पुढे देशोदेशीच्या नमुन्यांची वंशावळ लावायला याच प्रथिनाचं जनुक वापरलं गेलं, ते यामुळेच.

आता टेस्टकडे या. १९९० च्या दशकाच्या शेवटी एक मोनोक्लोनल अँटिबॉडी (विषाणूच्या एकाच ठरावीक भागाला चिकटणारं प्रथिन) तयार झाली, नाव १ए१, आणि ती बनवली होती हवाईच्या १९९४ च्या विषाणूवरून. ती चिकटते सीपी२ वरच, आणि तेही त्याच्या एका छोट्या तुकड्याला. फार्मजवळच्या साध्या लॅबमध्येसुद्धा चालेल अशी टेस्ट म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. फक्त ती एका कुलपाची किल्ली होती. हवाईवाल्या कवचातला तो तुकडा बदलला की किल्ली लागणार नाही.

आणि हे बेलिझच्या आधीच एकदा घडून गेलं होतं! मेक्सिकोच्या सिनालोआ भागात १९९५ नंतर ताउराला कंटाळून बऱ्याच लोकांनी वेनामी सोडून निळी कोळंबी, म्हणजे स्टायलिरोस्ट्रिस, टाकायला सुरुवात केली, कारण तिला ताउरा सहसा बाधत नव्हता. एक-दोन सीझन बरे गेले. मग १९९८ च्या सुमारास निळी कोळंबीही ताउराने आजारी पडायला लागली. त्या विषाणूला १ए१ चिकटत नव्हती, पण जनुकावर आधारलेल्या टेस्ट त्याला ओळखत होत्या. म्हणजे पूर्ण प्रजातीच बदलून टाकली तरी दोन-तीन वर्षांत विषाणूचा एक प्रकार तिच्यापर्यंत पोचला. माझ्या मते ही धोक्याची घंटा होती आणि तेव्हा ती फार कमी जणांनी ऐकली.

दुसरीकडे हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पासून वेनामीची निवड पैदास चालू होती. पद्धत शेतकऱ्याला लगेच कळेल अशी आहे, वेगवेगळ्या कुटुंबांची पिल्लं घ्यायची, त्यांना ताउरा विषाणू द्यायचा, कुठल्या कुटुंबातली जास्त जगतात ते मोजायचं आणि त्या कुटुंबांची रोगाशी संपर्क न आलेली भावंडं पुढच्या पिढीला आईबाप म्हणून वापरायची. एका पिढीच्या निवडीनंतर जगण्याचं प्रमाण साधारण ३९ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. आकडा छोटा वाटेल पण एका पिढीसाठी तो चांगलाच आहे, आणि पुढच्या पिढ्यांत तो वाढत गेला. त्यातली एक गोम अशी की वाढ आणि ताउराचा प्रतिकार यांचं जनुकीय नातं उलटं निघालं, जी कुटुंबं रोगात तगायची ती वजनाला मागे राहायची, त्यामुळे दोन्हींसाठी एकत्र निवड करणं कठीण गेलं.

ही निवड कुठला विषाणू देऊन केली? जो हाताशी होता तो, हवाईचा १९९४ चा. यात कुणाची चूक आहे असं मी म्हणणार नाही, तेव्हा ओळखीचा विषाणू तोच होता. पण त्यातून जी कोळंबी तयार झाली ती "हवाई ९४ ला प्रतिकार करणारी" होती, आणि धंद्यात उतरेपर्यंत तिचं नाव नुसतं "ताउरा रेझिस्टंट" उरलं. मधलं अर्धं नाव पिशवीवर कधी छापलंच गेलं नाही.

गहू पिकवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तांबेऱ्याला दाद न देणारं वाण येतं, चार वर्षं छान चालतं, मग तांबेऱ्याची नवी रेस, म्हणजे नवा उपप्रकार, येते आणि तेच वाण लाल होतं. महाबळेश्वरच्या गेरवा संशोधन केंद्रात कुठल्या वाणाला कुठली रेस लागते हे तपासण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे, आणि वाणाची शिफारस करताना कुणी नुसतं "रोगाला प्रतिकारक" म्हणून थांबत नाही. कोळंबीत ही शिस्त खूप उशिरा आली.

तर परत बेलिझ. अँटिबॉडी निगेटिव्ह आली तरी हिस्टॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखालची ऊतींची तपासणी, ताउरा म्हणत होती, म्हणून नमुन्यांवर जीन प्रोब आणि आरटी-पीसीआर या जनुकावर आधारलेल्या टेस्ट लावल्या, आणि त्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. त्या पीसीआरचे प्रायमर, म्हणजे विषाणूचा ठरावीक भाग पकडणारे छोटे जनुकीय तुकडे, जीनोमच्या अशा भागावर बसत होते जिथे फारसा बदल झालेला नव्हता, म्हणून ती टेस्ट तगली, अँटिबॉडीचा निशाणा मात्र नेमका कवचाच्या बदलणाऱ्या तुकड्यावर होता म्हणून ती फसली. मग कवचाचं जनुक वाचलं तेव्हा दिसलं की बेलिझचा विषाणू हवाईपासून आणि मेक्सिकोपासूनही वेगळा, स्वतःची फांदी धरून बसलेला आहे. एकूण अक्षरं बघितली तर साम्य ९० टक्क्यांच्या बरंच वर, म्हणजे विषाणू तोच, पण जे थोडं बदललं होतं ते बदलायला नको त्या जागी.

नंतर लॅबमध्ये हवाईचा आणि बेलिझचा असे दोन्ही विषाणू एकाच प्रकारच्या कोळंबीला देऊन बघितले, आणि बेलिझवाल्याने लवकर मारायला सुरुवात केली आणि जास्त मारलं. म्हणजे पैदास निकामी झाली होती असं नाही, तिचा हवाईविरुद्धचा प्रतिकार जागेवरच होता, समोर आलेला विषाणूच वेगळा आणि जास्त जहाल होता.

तो जहाल का झाला याचं पक्कं उत्तर एका वाक्यात मिळत नाही, पण मला जे पटतं ते सांगतो. रेझिस्टंट कोळंबी म्हणजे विषाणू अजिबात न घेणारी कोळंबी नव्हे. ती विषाणू घेते, अंगात त्याचं प्रमाण कमी ठेवते आणि जगते, आणि ताउरातून वाचलेली कोळंबी पुढे आयुष्यभर तो विषाणू बाळगू शकते. अशी लाखो कोळंबी दाट तळ्यांत, एकापाठोपाठ एक पीक, आणि प्रत्येकीत विषाणूची नक्कल चालू. जी नक्कल या कोळंबीत जास्त वाढू शकेल तीच पुढे जाणार. त्यात वरून पक्षी आहेत. मेलेली कोळंबी खायला जमलेल्या सीगल पक्ष्यांच्या विष्ठेत जिवंत विषाणू सापडलेला आहे, पाण्यातल्या एका किड्यातही सापडला, आणि फ्रीज केलेल्या कोळंबीत तर तो टिकतोच. त्यामुळे एका तळ्यात तयार झालेला प्रकार त्याच तळ्यात राहील ही आशा धरण्यात अर्थ नाही.

पुढे १९९३ ते २००४ मधले नमुने एकत्र करून वंशावळ केली तेव्हा तीन घराणी दिसली, अमेरिका, आग्नेय आशिया आणि बेलिझ. आग्नेय आशियातलं घराणं कसं आलं हे सांगायला फार शोध लागत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी तैवानमध्ये अमेरिका खंडातून वेनामी आणली गेली, १९९९ मध्ये तिथे ताउरा सापडला, २००३ पर्यंत थायलंड आणि इंडोनेशियात. २००५ च्या सुमारास व्हेनेझुएलात, जिथे आधी ताउरा नव्हता, मोठी साथ आली आणि तो विषाणू चौथं घराणं निघाला. एका नदीच्या मुखाशी सुरू झालेल्या विषाणूची साधारण १५ वर्षांत चार घराणी झाली.

बेलिझनंतर दोन गोष्टी सुधारल्या आणि त्या खरोखर मोलाच्या आहेत. निवड पैदास करणाऱ्यांनी एकाच विषाणूवर विसंबणं सोडलं, बेलिझसकट वेगवेगळे प्रकार देऊन कुटुंबं तपासायला लागले, आणि पुढच्या काही पिढ्यांत अशी पैदास मिळाली जी बेलिझवाल्यालाही बऱ्यापैकी तोंड देते. आणि २००९ मध्ये पीसीआरचे प्रायमर नव्याने आखले गेले, चारही घराणी पकडली जावीत म्हणून. जुन्या प्रायमरने काम भागत असतानाही ते बदलले, कारण काही नमुन्यांत त्यांची पकड कमी पडत होती. टेस्ट फसायची वाट न बघता ती आधीच दुरुस्त केली, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

तरी गोष्ट तिथे थांबली नाही. कोलंबियाने १९९० च्या दशकापासून स्वतःची ताउरा रेझिस्टंट पैदास उभी केली होती आणि तिच्या जोरावर तिथला धंदा शांतपणे चालला होता. २०१० मध्ये तिथे पुन्हा ताउराने मरतूक झाली, आणि विषाणू वाचल्यावर कळलं की हा नवा प्रकार आहे, आधीच्या कोलंबियन विषाणूपेक्षा वेगळा. नऊ वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या पैदाशीवर तीच बेलिझची गोष्ट.

आपल्याकडे ताउराची साथ आलेली नाही, आणि ही साधी गोष्ट नव्हे. वेनामीला भारतात २००९ मध्ये रीतसर परवानगी मिळाली तेव्हाच एसपीएफ ब्रूडस्टॉकची अट घातली गेली आणि बाहेरून येणारं प्रत्येक ब्रूडस्टॉक चेन्नईच्या क्वारंटाइनमधून जाऊ लागलं, तिथल्या तपासणीच्या यादीत ताउरा पहिल्यापासून आहे. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या तळ्यांत जे सीड पडतं त्यातलं बहुतेक आंध्र आणि तामिळनाडूच्या हॅचऱ्यांतून येतं आणि त्याच्या आईबापांची वाट त्या क्वारंटाइनमधूनच गेलेली असते. पण सगळं अडवता येत नाही हेही खरं, ब्राझीलमध्ये २००२-०३ च्या सुमारास सुरू झालेला स्नायू पांढरे पाडणारा आयएमएन विषाणू २००६ मध्ये इंडोनेशियात जवळजवळ जसाच्या तसा सापडला, आरएनएमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त साम्य, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांत पश्चिम बंगालच्या तळ्यांतही त्याची नोंद झाली. इतकं साम्य असतं तेव्हा विषाणू कुठल्या रस्त्याने आला हे वेगळं विचारावं लागत नाही.

रायगडच्या त्या पॉंडवाल्याला मी शेवटी काय सांगितलं ते लिहितो. म्हटलं, भाऊ, हॅचरीवाला रेझिस्टंट म्हणाला की लगेच विचारा, कुठल्या रोगाला, आणि त्या रोगाच्या कुठल्या प्रकाराला, कुठल्या साली तपासलंय. ब्रूडस्टॉकच्या कागदावर पीसीआर निगेटिव्ह असेल तर कुठल्या विषाणूंसाठी आणि कुठल्या पद्धतीने, तेही विचारा. आणि तळ्यात मरतूक दिसली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर रिपोर्टवर भरवसा ठेवून गप्प बसू नका, आजारी पण जिवंत कोळंबी डेव्हिडसन द्रावणात (ऊती टिकवणारं रसायन) ठेवून हिस्टॉलॉजीला पाठवा आणि थोडी अल्कोहोलमध्ये जीन टेस्टसाठी वेगळी ठेवा, मेलेली नको, ती काही तासांत सडते आणि काहीच सांगत नाही. त्याने डेव्हिडसनची कृती लिहून घेतली, आणि विचारलं की अल्कोहोल किती टक्क्यांचं लागेल. ९५ टक्के.